एक घर, चार गिऱ्हाइके आणि वारकऱ्याचा शब्द

या पानांवर नामाचा विचार होतो, संतचरित्रांचा होतो, वारीच्या नेमाचा होतो. मग घर विकण्याचा विचार येथे कशाला, असे एखाद्या माळकऱ्यास वाटेल. त्यास उत्तर इतकेच की गळ्यातली तुळशीची माळ ही देवळात शिरताना घालायची आणि सौद्याला बसताना खुंटीला टांगायची वस्तू नव्हे. टाळ वाजवताना सगळेच गोड असतात. मनुष्याचे खरे मोल पैशाच्या बोलीत उघडे पडते. सामान्य गृहस्थ जन्मात घर एकदा, फार तर दोनदा विकतो. पण त्या चार दिवसांत त्याच्या अंगी परमार्थ किती मुरला आहे, हे अवघ्या गावाला कळून चुकते. म्हणून आज हाच विषय घेऊ.

प्रसंग

बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातले बीबी हे गाव पुष्कळ वारकऱ्यांच्या पायांखालचे आहे. सिंदखेड राजा, दुसरबीड करून मेहकरकडे जाणाऱ्या जुन्या मुंबई–नागपूर रस्त्यावर ते वसले आहे. शेगावच्या श्रीगजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परत फिरली म्हणजे याच वाटेने बीबी, लोणार, मेहकर करीत खामगावकडे जाते. अलीकडे समृद्धी महामार्ग लोणार, मेहकर आणि सिंदखेड राजा या तालुक्यांतून गेला. त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग 11 डिसेंबर 2022 रोजी आणि अखेरचा भाग 5 जून 2025 रोजी खुला झाला. रस्ता आला की जागेला गिऱ्हाईक येते, हे सांगायला ज्योतिषी नको.

अशा गावात घडू शकेल असा एक प्रसंग विचारासाठी घेऊ. माणसे कल्पिलेली आहेत. अडचण मात्र खरी आहे.

एक वृद्ध माळकरी. त्यांना आपण बाबा म्हणू. मुलगा पुण्यास नोकरीला, पत्नी वारलेली. गावठाणात वडिलांचे घर, पुढे मोठी ओसरी. पालखीच्या परतीला दरवर्षी त्या ओसरीवर वारकरी बसायचे, भाकर-पिठले व्हायचे. आता बाबांच्याने एकटे राहवत नाही. घर विकून मुलाकडे जायचे ठरले. आणि घर विकणार ही बातमी फुटताच चार गिऱ्हाइके उभी राहिली.

पहिली त्यांची धाकटी बहीण, मेहकरकडे दिलेली. ती म्हणाली, "दादा, आबांचं घर परक्याच्या हाती देऊ नको. मीच घेते." दुसरा शेजारी. तो म्हणाला, "भिंतीले भिंत हाय माही. पयला हक माहाच." तिसरा रस्त्यावरचा व्यापारी. तो म्हणाला, "सगळ्यांपेक्षा दोन लाख जास्त देतो, पण कागदावर निम्मेच दाखवू, बाकी रोख." चौथा एक तरुण शिंपीकाम करणारा, भाड्याच्या खोलीत बायकामुलांसह राहणारा. बाबांनी सांगितलेली किंमत ऐकून तो सर्वांच्या आधी आला, कबूल झाला. पण बँकेचे कर्ज मिळेपर्यंत दोन महिने मागतो. आणि त्याच्या जातीचे नाव काढून आळीतली माणसे कुजबुजतात, "बाबा, त्याले देऊ नका. आळीचं कसं व्हइन?"

बाबा हरिपाठानंतर फडावरच्या बुवांकडे गेले. "बुवा, कोनाले द्यावं काही उमजत नाही. देवाला कौल लावू का?" बुवा म्हणाले, "बाबा, तुमचा तराजू तपासायचे काम पांडुरंगावर कशाला टाकता? आधी तराजू तपासा. मग कौलाची गरज उरणार नाही."

हा तराजू कसा तपासावा, हाच आजचा पाठ.

सिद्धांत

महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाच्या तपस्व्याची कथा आहे. तो इतका निश्चळ उभा राहिला की त्याच्या जटांत पाखरांनी घरटे केले, पिले वाढून उडून गेली. त्यास गर्व झाला. तेव्हा आकाशवाणी झाली की काशीच्या तुलाधार वाण्याची बरोबरी तुला नाही. जाजली काशीस गेला तो काय पाहतो! एक मनुष्य दुकानात बसून जिन्नस विकत आहे. तुलाधाराने त्यास सांगितले की माझा तराजू सर्वांसाठी सारखा आहे, हाच माझा धर्म. तपस्व्याने वाण्यापाशी शिकावे, असा हा प्रसंग व्यासांनी मुद्दाम घातला आहे.

आता तराजू सारखा म्हणजे काय? धान्य विकताना सोपे आहे; दहा गिऱ्हाइकांना दहा मापे घालता येतात. घर एकच. एकाला हो म्हटले की तिघांना नाही म्हणावेच लागते. तेव्हा येथे न्याय सर्वांना सारखे देण्यात नाही. तो नकारात आहे. आपला सिद्धांत असा : ज्याला नाही म्हणायचे, त्याला नाही म्हणण्याचे खरे कारण त्याच्या तोंडावर, चारचौघांत, विठ्ठलाला स्मरून सांगता आले पाहिजे. जे कारण सांगताना जीभ अडखळते, जे झाकून दुसरेच कारण पुढे करावे लागते, ते कारण खोटे मापच समजावे. ही कसोटी हाती घेऊन एकेका गिऱ्हाइकाचा विचार करू.

पहिला विचार : घर कोणाचे?

विकणाऱ्याने पहिल्याने गिऱ्हाइकाकडे पाहू नये, आपल्या मालकीकडे पाहावे. बाबांचे वडील मृत्युपत्र न करता गेले. मग घर एकट्या बाबांचे कसे? ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर बाबांचे नाव आहे, हे खरे. पण तो कर आकारणीचा उतारा. घरपट्टी कोणाकडून घ्यावयाची ते त्यावरून कळते. तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने मृत्युपत्र न करता गेलेल्या बापाच्या मिळकतीत मुलीला मुलाबरोबर पहिल्या वर्गाचा वारस धरले. 2005 च्या दुरुस्तीने वडिलार्जित एकत्र मिळकतीतही तिला जन्मतः मुलासारखाच हक्क दिला, आणि 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की त्यासाठी 2005 साली बाप हयात असण्याची जरुरी नाही.

त्याच 1956 च्या कायद्याचे 22 वे कलम प्रत्येक घरात वाचून दाखवावे असे आहे. वारसाहक्काने मिळकत अनेकांकडे आली आणि त्यांतील एक आपला हिस्सा विकू लागला, तर बाकीच्या वारसांना तो आधी विकत घेण्याचा हक्क आहे. किमतीवर एकमत न झाले तर न्यायालय किंमत ठरवून देते. आणि दोन वारसांत चढाओढ लागली तर जो जास्त मोबदला देईल त्याला अग्रहक्क. म्हणजे बाबांच्या बहिणीचे "मीच घेते" हे बोलणे नुसता माहेरचा हट्ट नाही. त्याला कायद्याचा पाया आहे. दोघे भाऊबहीण मिळून घर बाहेर विकण्यास राजी असतील तर गोष्ट निराळी. पण तिला न विचारता इसार घेणे हा सरळसरळ तिच्या ताटातला घास उचलणे होय.

आमच्याकडे एक वाईट रीत पडली आहे. बहिणीला सणाला बोलवायचे, साडीचोळी करायची आणि जेवणानंतर हक्कसोडपत्र पुढे सरकवायचे. ती बिचारी माहेर तुटेल या भीतीने सही करते. अशा सहीवर घर विकून कोणी पंढरीची वारी केली तर चंद्रभागेत काय धुवायचे राहिले, हे त्याने स्वतःस विचारावे. बहिणीने स्वखुशीने हक्क सोडला तर तो तिचा मोठेपणा. तो काढून घेतला तर ती चोरी.

येथे तुकोबारायांचे चरित्र डोळ्यांपुढे आणा. महिपतींनी सांगितलेली कथा सर्वांना ठाऊक आहे. सावकारीची कर्जखते इंद्रायणीत बुडवायची असे तुकोबांनी ठरवले, तेव्हा त्यांनी सगळी खते बुडवली नाहीत. आधी दोन वाटे केले. धाकट्या भावाचा, कान्होबांचा, वाटा त्यांच्या हाती दिला. आणि मग आपल्या वाट्याची खते डोहात सोडली. वैराग्य एवढे की घराला कवडी उरू दिली नाही. पण भावाच्या वाट्याला हात लावला नाही! यातून गृहस्थाने हे शिकावे : उदार व्हायचे तर आपल्या वाट्याने व्हावे. बाबांना गरीब शिंप्याला पन्नास हजार कमी घ्यावेसे वाटले, तर ते पन्नास हजार बाबांच्या हिश्श्यातून गेले पाहिजेत. बहिणीच्या हिश्श्यातून दया करण्याचा अधिकार बाबांना नाही.

दुसरा विचार : शेजाऱ्याचा हक्क

आता शेजारी. "पयला हक माहाच" हे त्याचे म्हणणे अगदीच निराधार आहे असे नाही. त्याला फार जुनी परंपरा आहे. याज्ञवल्क्य स्मृतीवर विज्ञानेश्वरांनी मिताक्षरा टीका लिहिली, तीत एक जुने वचन आले आहे. जमीन दुसऱ्याकडे जायची तर गाव, भाऊबंद, शेजारी आणि वारस यांची संमती असावी, आणि सोने व पाणी हातावर सोडावे, असा त्याचा आशय. परंतु विज्ञानेश्वरांनी पुढे जो उलगडा केला तो लक्षात घेण्याजोगा आहे. गावाची संमती व्यवहार उघड व्हावा म्हणून. शेजाऱ्याची संमती हद्दीचा तंटा राहू नये म्हणून. तेवढ्या संमतीवाचून विक्रीच होत नाही, असे त्यांनी म्हटलेले नाही. म्हणजे शेजाऱ्याला साक्षीला बोलवावे, त्याची भिंत कोठे आणि आपली कोठे हे त्याच्यासमोर मोजावे. त्याच्या हाती विक्रीची किल्ली द्यावी, असा अर्थ नाही.

आपल्या वऱ्हाडात तर हा विषय कायद्यातच होता. 1928 च्या वऱ्हाड जमीन महसूल संहितेत एका सर्व्हे नंबरातल्या हिस्सेदाराला, दुसरा हिस्सेदार विकू लागल्यास, आधी घेण्याचा हक्क दिला होता. ती संहिता आता राहिली नाही. 1962 साली सर्वोच्च न्यायालयापुढे निरनिराळ्या प्रांतांतील असे अग्रहक्काचे कायदे आले, त्यांत वऱ्हाडचाही होता. न्यायालयाने सहहिस्सेदाराचा हक्क योग्य ठरवला. पण केवळ शेजारी आहे म्हणून मिळणारा हक्क घटनेत बसत नाही असे सांगितले. परके लोक, परजातीचे लोक वस्तीत येऊ नयेत, हा अशा हक्कामागचा जुना हेतू न्यायालयाने ओळखला होता.

मग शेजाऱ्याशी कसे वागावे? त्याला हक्क नाही, पण मान आहे. त्याला बातमी इतरांच्या बरोबरीने द्यावी, आधीही नाही आणि मागाहूनही नाही. किंमत तीच सांगावी. "तू शेजारी म्हणून तुला स्वस्त" असे म्हणायचे असेल तर बहिणीची संमती घेऊन मग म्हणावे. आणि "तुम्ही शेजारी, तुम्ही घ्याल तर चार पैसे जास्तच द्याल" असे मनात धरून त्याच्या गरजेवर डोळा ठेवणे, हेही तितकेच वाईट.

तिसरा विचार : दाम

व्यापाऱ्याचे दोन लाख जास्त आहेत. जास्त दाम घेणे पाप आहे काय? मुळीच नाही. तुकोबांनी धन मिळवण्याला कधी दोष दिला नाही; ते कोणत्या वाटेने आले आणि कोणत्या वाटेने गेले, इकडे त्यांचे लक्ष. बाबांना म्हातारपण काढायचे आहे. त्यांनी चांगला भाव मागितला तर कोणी त्यांना लोभी म्हणू नये.

पण हा व्यापारी निम्मे रोख आणि निम्मे कागदावर म्हणतो. मुद्रांकशुल्क सरकारच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातील किंमत आणि दस्तातील किंमत यांत जी जास्त असेल तिच्यावर लागते. खरी किंमत लपवणे म्हणजे नोंदणी कचेरीत दुय्यम निबंधकासमोर खोटे बोलणे. शिवाय 1 जून 2015 पासून स्थावर मिळकतीच्या व्यवहारात 20000 रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम साधारणपणे रोखीने घेता येत नाही. घेतली तर घेणाऱ्यालाच तेवढा दंड होऊ शकतो. म्हणजे व्यापाऱ्याचे दोन लाख जास्त दिसतात खरे, पण त्यांतला धोका बाबांच्या पदरी आहे. आणि बहिणीचा हिस्सा कोणत्या आकड्यावर काढायचा, कागदावरच्या की थैलीतल्या? खोट्या आकड्यातून दुसरी खोटी निघते, ती अशी.

तेव्हा व्यापाऱ्याला सांगावे, "मालक, पूर्ण रक्कम कागदावर दाखवत असाल तर तुम्ही इतरांच्या बरोबरीचे गिऱ्हाईक आहात. नाही तर राम राम." हे कारण चारचौघांत सांगता येते, म्हणून हा नकार खरा.

आता भाव कसा ठरवावा? सरळ रस्ते दोन आहेत. एक, किंमत आणि मुदत आधीच जाहीर करावी, आणि ती कबूल करून जो पहिला येईल त्याला द्यावे. दुसरा, सर्वांना एक दिवस नेमून देऊन त्यांची बोली बंद पाकिटात घ्यावी, सर्वांसमोर फोडावी, आणि आधी सांगितलेल्या नियमाने निकाल करावा. कोणताही घ्या; पण गिऱ्हाईक येण्यापूर्वी घ्या आणि मध्येच बदलू नका. पहिल्याने "प्रथम येईल त्याला" म्हणायचे आणि शिंपी प्रथम आला म्हणून मग "पाकिटे आणा" म्हणायचे, हे माप बदलणे झाले. तसेच, कोणी दिलेला नसताना "मला तर अमक्याने इतके दिलेत" असे सांगून भाव चढवणे हे उघड कपट आहे. दलाल असे करतात आणि मालक म्हणतो, "मी कुठं बोललो?" अहो, दलालाची जीभ तुमच्याच पैशावर हलते!

सर्व गिऱ्हाइकांना घराचे दोषही सारखेच सांगावेत. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे 55 वे कलम विकणाऱ्यावर हे बंधन घालते की मिळकतीतील किंवा मालकीतील जो दोष आपल्याला ठाऊक आहे आणि गिऱ्हाइकाला साध्या पाहणीत कळण्यासारखा नाही, तो सांगितला पाहिजे. मागची भिंत पावसाळ्यात ओल धरते, हद्दीवर वाद आहे, बहिणीचा हिस्सा आहे, हे एकाला सांगायचे आणि दुसऱ्याला नाही, असे चालत नाही.

चौथा विचार : आळी काय म्हणेल?

आता अवघड जागी येऊ. शिंपी प्रथम आला, किंमत कबूल केली. आळी म्हणते, त्याला नको. बाबांनी ही गोष्ट मान्य केली तर त्या तरुणाला काय सांगायचे? "तुझे पैसे चांगले, तुझा स्वभाव चांगला, पण तुझी जात आळीला नको." हे वाक्य विठ्ठलासमोर म्हणून पाहा. जीभ वळते का? नाही वळत, म्हणून मग माणूस म्हणतो, "बहीणच घेणार आहे," किंवा "मुलाने विकायचे रद्द केले." हे झाकलेले कारण म्हणजेच खोटे माप.

चोखोबांची आठवण करा. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि तिच्याखाली त्यांचा अंत झाला. ज्या गावाला कुसाच्या आत त्यांना घर द्यायचे नव्हते, त्याच गावाचे कूस बांधताना ते गेले! नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणून महाद्वारापाशी समाधी दिली. आपण प्रत्येक वारीला त्या समाधीवर माथा टेकतो. माथा टेकून घरी यायचे आणि आपल्या आळीचे कूस मात्र राखायचे, हा कोणता वारकरी धर्म? 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरास प्राणांतिक उपोषण केले, तेव्हा कोठे विठ्ठलाचे मंदिर हरिजन बांधवांस खुले झाले. देवाचे दार उघडायला संतभूमीत एवढे करावे लागले, याची लाज आपण बाळगली पाहिजे. आणि ज्या दाराची किल्ली आपल्या कमरेला आहे ते तरी आपण होऊन उघडले पाहिजे.

कायद्याचेही सांगतो. 1955 च्या अस्पृश्यता अपराध कायद्याने, ज्याचे नाव 1976 पासून नागरी हक्क संरक्षण कायदा असे झाले, अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणासही कोणत्याही वस्तीत राहते घर बांधण्यास, घेण्यास किंवा तेथे राहण्यास आडकाठी करणे हा शिक्षेस पात्र गुन्हा ठरवला आहे. आळीच्या कुजबुजीपुढे मान तुकवताना हेही ध्यानात असावे.

हा रोग आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत काळ्या लोकांना गोऱ्यांच्या वस्तीत घर मिळत नसे. 1968 साली तेथे कायदा झाला की वंश, वर्ण, धर्म किंवा मूळ देश यांवरून घर विकण्यास नकार देता येणार नाही. तेथे घरासाठी चढाओढ लागली म्हणजे गिऱ्हाइके मालकाला आपल्या कुटुंबाची हकीकत सांगणारी गोड पत्रे लिहितात. "हे आपल्यासारखेच दिसतात" म्हणून मालक पाघळतो, आणि जो आपल्यासारखा नाही तो मागे राहतो. ओरेगॉन नावाच्या राज्याने 2021 साली अशी पत्रे मालकापर्यंत पोचवण्यास मनाई करणारा कायदा केला. लिहिण्या-बोलण्याच्या स्वातंत्र्यावर घाला म्हणून 2022 साली तेथील न्यायालयाने तो अडवला. कायदा राहिला नाही, पण त्यातला धडा आपल्या कामाचा आहे. दया येणे चांगले. पण दया नेहमी आपल्यासारख्या माणसाचीच येत असेल, तर ती दया नव्हे, तो आपपर भाव.

"मी माळकऱ्यालाच देईन" असे कोणी म्हणतो. ही इच्छा वरवर गोड आहे. पण तिच्याआड दुसरे काही लपले नाही ना, हे तपासावे. त्या शिंप्याने उद्या माळ घातली तर देणार का? हो असेल तर ती माळेची आवड. नाही असेल तर तो जातीचा विटाळ, माळेच्या आड लपलेला.

पाचवा विचार : दिलेला शब्द

समजा, बाबांनी शिंप्याकडून इसार घेतला, साठेखत झाले. आठ दिवसांनी व्यापारी आला, "सगळे कागदावर देतो आणि वर आणखी एक लाख." आता काय?

कायदा असा की नुसत्या साठेखताने मालकी जात नाही. शंभर रुपये व त्यावरील किमतीचे घर नोंदणीकृत खरेदीखतानेच जाते. पण म्हणून साठेखत फोल नव्हे. 1963 च्या कायद्याने त्या कराराची प्रत्यक्ष पूर्तता करून मागता येते, आणि पहिला करार ठाऊक असूनही ज्याने मागाहून खरेदी केली त्याच्याकडूनही घर सोडवून घेता येते. म्हणजे एका लाखासाठी बाबा कोर्टाच्या पायऱ्या विकत घेतील.

परंतु वारकऱ्याला कोर्टाचे भय हे शेवटचे कारण असावे. इसार हातात पडण्यापूर्वी, "तुला दिले" असे म्हटले तेव्हाच त्या माणसाने भाड्याच्या खोलीत बायकोला सांगितले असेल, पोरांनी ओसरी वाटून घेतली असेल. शब्द मोडला म्हणजे नुसता सौदा मोडत नाही. म्हणून पूर्ण विचार होईपर्यंत शब्द देऊ नये, आणि दिल्यावर विचार करू नये. मुदत मात्र लिहून ठेवावी : अमुक दिवसांत कर्ज मंजूर न झाल्यास इसार परत आणि दोघे मोकळे. ही मुदत व्यापाऱ्याला जेवढी, शिंप्याला तेवढीच.

सहावा विचार : ओसरी

बाबांच्या मनात अखेर एक काटा राहतो. पालखीच्या परतीला वारकरी कोठे बसणार? खरेदीखतात अट घालावी का, की ओसरी वारकऱ्यांना मोकळी ठेवावी? पूर्ण मालकी देऊन टाकल्यावर ती कशी भोगावी अशी अट घातली तर 1882 च्याच कायद्याप्रमाणे घेणारा ती नसल्यासारखी समजू शकतो. विकले ते विकले. विनंती करता येते. हुकूम करता येत नाही. आणि वाचकहो, हे योग्यच आहे. पैसे घ्यायचे आणि मालकीही ठेवायची, असे दोन्ही कसे चालेल? संत देहाची आसक्ती सोडा म्हणतात. आपल्याच्याने ओसरीचीही सुटत नाही!

निकाल

बाबांनी काय केले? प्रथम मेहकरला जाऊन बहिणीसमोर घराची किंमत ठरवली आणि तिला महिन्याची मुदत दिली. ती स्वतः हिशेब करून म्हणाली, "दादा, एवढी रक्कम माझ्याच्याने होत नाही. दोघं मिळून विकू. माझा वाटा माझ्या नावावर जमा कर." मग बाबांनी देवळाच्या पारावर तिघांना एकत्र बोलावून तीच किंमत, तेच दोष, दोन महिन्यांची तीच मुदत सांगितली. शिंपी पहिल्यांदा कबूल झाला होता, तो तेथेही कबूल झाला. व्यापारी रोखीवाचून तयार होईना. शेजारी किंमत उतरवा म्हणाला. बाबांनी दोघांना हात जोडून नकाराचे कारण तेथल्या तेथे सांगितले. बहिणीच्या बँकखात्यात तिचा निम्मा वाटा गेला. आळीतल्या दोघातिघांनी बाबांशी बोलणे टाकले, हे लपवत नाही. न्यायाची किंमत पडते, आणि ती बहुधा विकणाऱ्यालाच द्यावी लागते. पण बाबा बुवांना म्हणाले, "बुवा, चौघाईच्या तोंडाकडे पाहून बोललो. रातीला झोप लागली." पुढच्या परतीला ओसरी उघडी असेल की नसेल, ते आता नव्या मालकाच्या हाती. बाबांच्या हाती तराजू होता. तो त्यांनी सारखा धरला.

मननासाठी प्रश्न

1. आपल्या घरात कोणाकोणाचा वाटा आहे, हे आपण मुलांना सांगितले आहे काय?
2. बहिणीने सही केली असेल, तर ती खुशीने की भीतीने?
3. मागे कधी एखाद्याला घर, जागा किंवा भाड्याची खोली नाकारली असेल, तर त्याला दिलेले कारण खरे होते काय? खोटे असेल तर त्याची क्षमा मागणे अजून शक्य आहे काय?

सप्ताहाच्या चर्चेत हे प्रश्न घ्यावेत, आणि तिसऱ्या प्रश्नापाशी थोडे थांबावे, ही विनंती.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल. रामकृष्णहरि.